मास्तरांचा मुका सिनेमा

आमचे मास्तर अंगानं बुटके होते. गावातल्या कोणत्याही दाराची चौकट त्यांच्या टोपीच्या वर हातभर मोकळी राहायची. तरीही मास्तर दारातून जाताना वाकत. शाळेच्या दारात वाकत, मारुतीच्या देवळात वाकत. मलकापूरच्या जिनिंगच्या फाटकातून कपाशीनं भरलेली गाडी आरामात जाते, तिथंही मास्तर वाकले होते, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. परगावचा माणूस हे पाहून हसायचा. आम्ही हसत नव्हतो, कारण वाकण्याची ही सवय त्यांना कोणत्या दिवशी लागली ते साऱ्या गावाला माहीत होतं. तो दिवस पुढं येईल.

मी स्वतः चौथी पास आहे. आजच्या पोरांना वाटतं, चौथी म्हणजे काय. पण ती इंग्रजांच्या राज्यातली, नागपूरच्या सरकारच्या वेळची चौथी. सव्वाकी, दिडकी, अउटकी असे अपूर्णांकांचे पाढे तोंडपाठ लागायचे, तेव्हा मास्तर पुढच्या बाकावर बसू देत. हे मी जसं बोलतो तसंच लिहून काढलं आहे. नातवानं चार जागी दुरुस्ती केली होती, ती मी खोडून टाकली.

मास्तरांचा काळा कोट बारमाही अंगावर असायचा. उन्हाळ्यात बुलढाणा जिल्ह्यात कोट घालणारा माणूस एकतर साहेब, नाहीतर आमचे मास्तर. कोटाच्या आतल्या खिशात फूटपट्टी. ती खिशापेक्षा मोठी, म्हणून कॉलरपाशी वर निघायची. दुरून पाहिलं तर माणसाला एकच शिंग फुटलं असं वाटायचं. त्या पट्टीनं ते काय काय मोजत! म्हशीचं शिंग मोजत. बाजारात टरबूज मोजत आणि मग विकत घेत नसत. आमच्या आईनं एकदा त्यांना भाकर वाढली तर आधी आडवी मोजली, मग उभी मोजली आणि म्हणाले, "वहिनी, तुमची भाकर कंपासानं काढल्यासारखी गोल आहे." आईला कंपास माहीत नव्हता. तिनं त्या दिवसापासून मास्तरांना जास्तीचं लोणी दिलं.

त्यांचं खिशातलं घड्याळ मागं चालायचं. शाळेची घंटा ते त्या घड्याळावर वाजवत. लोक म्हणत, मास्तर, उन्हं पहा कुठं आली. मास्तर म्हणत, "उन्हाले घाई असंन. मले नाही."

मारायचा त्यांना कंटाळा. खोटं बोललेल्या पोराला ते समोर उभं करत आणि म्हणत, "खोटं बोललास ना राजा? मग अर्धवट नको बोलू. पूर्ण बोल." पोरगा म्हणायचा, बैल हरवला होता म्हणून शाळेत आलो नाही. "बैलाचा रंग?" "पांढरा." "कुठं सापडला?" "नाल्यात." "नाल्यात काय करत होता?" असं विचारता विचारता त्या खोट्या बैलाला ते इतकं फिरवत, की पोरगा घामाघूम होऊन शेवटी म्हणायचा, "मास्तर, बैल नव्हता. मी बोरं खाऊन राह्यलो होतो." मास्तर म्हणत, "पाह्य, खरं किती सोपं असते. बस खाली."

वर्गात ते पुस्तकी मराठी बोलत. राग आला, आनंद झाला किंवा मोजमाप चुकलं, की पुस्तक गळून पडायचं आणि आमच्यासारखं बोलू लागायचे.

आता रहमानचाचा. वेशीच्या बाजूला लिंबाखाली त्याचं टिनाच्या कामाचं दुकान होतं. घासलेटचे रिकामे डबे कापून तो चिमण्या, गाळण्या, नरसाळे बनवायचा. दिवसभर टोकटोक चालायची. उंचपुरा माणूस, दाढी मेंदीनं लाल. शाळा सुटली की मास्तर सरळ त्याच्या दुकानी. चाचा ठोकत राही, मास्तर पेपरातली बातमी सांगत राहत, आणि प्रत्येक बातमी संपली की चाचा म्हणे, "झूठ." दोघांचं असं जमायचं. मास्तर चाचाच्या घरचा चहा पीत. त्या काळी त्याची गावात कुजबुज व्हायची. मास्तर म्हणत, "चहा उकळलेला असते. उकळल्यावर त्याले जात उरत नाही."

आमच्या गावचा मोहरमचा ताबूत हे दोघं मिळून करत. बांबूचा आणि टिनाचा सांगाडा चाचाचा, वरचं रंगीत कागदाचं नक्षीकाम मास्तरांचं. चाचाच्या बापाच्या वेळेपासून ताबूत एकाच उंचीचा होत आलेला. एका वर्षी मास्तर कामानं रोहिणखेडला गेले, तिथली जुनी मशीद त्यांनी पाहिली, आणि परत आले ते हवेत हात फिरवतच. "मियाँ, ह्या साली घुमट मोठा कराचा. असा मोठा, की पाहणाऱ्याची मान दुखली पाह्यजे." चाचालाही चेव आला. वेशीतून ताबूत गेला पाहिजे, म्हणून दोघांनी वेस मोजली. मास्तरांनी पट्टीनं मोजली, चाचानं वितीनं मोजली. दोन्ही मापं जमली. त्या मापात चार बोटं कमी ठेवून त्यांनी ताबूत उभा केला. तसा ताबूत आमच्या गावानं आधी पाहिला नव्हता.

मिरवणूक निघाली, ढोलताशे वाजू लागले, आणि ताबूत वेशीपाशी येऊन थांबला. दोघांनी वेस जमिनीपासून मोजली होती. ताबूतही जमिनीवर ठेवूनच मोजला होता. ज्यांच्या खांद्यावर तो जायचा, त्या माणसांचे खांदे कोणीच मोजले नव्हते.

आमच्याकडचा रिवाज असा, की ताबूत एकदा खांद्यावर घेतला की नदीवरच उतरवायचा, मधे टेकवायचा नाही. उचलणारे वाकले, गुडघ्यावर आले, पण घुमट काही सुटेना. मग चाचा दुकानातून पत्रा कापायची कात्री घेऊन आला. गाडीच्या चाकावर पाय देऊन वेशीच्या कठड्यावर चढला आणि आपल्या हातानं केलेला घुमट आपल्याच हातानं कापू लागला. सारं गाव पाहत होतं. ढोल बंद पडले होते. तेव्हा मास्तरांनी तोंड मिटून उभं राहायचं होतं. पण मोजमापाचा माणूस! खालून म्हणाले, "मियाँ, खांदे मोजाचे राह्यले."

चाचा वरून म्हणाला, "कोनाले मोजाचे होते?"

मास्तर म्हणाले, "ताबूत तुमचा."

चाचाची कात्री थांबली. तो म्हणाला, "आज माझा झाला काय, मास्तर?" आणि पुन्हा कापू लागला.

बस, तेवढंच. तिथून बोलणं बंद. मास्तरांनी दुकानाच्या बाजूनं जाणं सोडलं नाही, पण मान खाली घालून जात. चाचाची टोकटोक ते जवळ आले की जोरात व्हायची. त्यानंतरचे मोहरम चाचाच्या पुतण्यांनी लहानसा ताबूत करून निभावले. आणि मास्तर प्रत्येक दारात वाकू लागले.

मग मलकापूरला तंबूचा सिनेमा आला. मोठ्या शहरात तेव्हा बोलपट निघाले होते म्हणतात, पण आमच्याकडे तंबूवाला मुकाच पट दाखवायचा. पडद्यापुढं एक पेटीवाला आणि एक तबलावाला बसवलेला. मास्तर चौथीच्या आम्हा मोठ्या पोरांना बैलगाडीतून घेऊन गेले. पट कशाचा होता ते आता आठवत नाही. दोन माणसं भांडली, दोन माणसं भेटली, एवढं आठवतं. ती भेटली तेव्हा दोघांचेही ओठ हलत होते आणि पेटी वाजत होती. मास्तर एकदम माझा हात दाबून म्हणाले, "पाह्यलं काय बे? पह्यले कोन बोललं ते समजलंच नाही!"

मी म्हटलं, "मास्तर, मुका हाय नं थो."

"तेच तर," मास्तर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी फळ्यावर लिहिलं, सिनेमा. आणि म्हणाले, "मुलांनो, आपण एक सिनेमा काढणार आहोत. लहानसा. दोन मित्रांचा. ते भांडतात आणि पुन्हा एक होतात."

पाटलाचा पोरगा म्हणाला, "मास्तर, त्याले मशीन लागते."

"मशीन आळशी माणसाले लागते. आपल्यापाशी हात हायेत." पुस्तक लगेच गळालं होतं.

त्यांनी काढलेली युक्ती मी सांगतो. नीट वाचा, कारण ती दुसऱ्या कोणाची नाही. चित्रकलेचे कागद खळीनं एकाला एक जोडून लांब पट्टा करायचा. त्यावर ओळीनं चित्रं काढायची. पट्ट्याला जवसाचं तेल चोळायचं, म्हणजे कागदातून उजेड पार होतो. पट्ट्याची दोन टोकं दोन बांबूंना गुंडाळून ते शाळेच्या खिडकीच्या दोन बाजूंना उभे करायचे. आत ग्यासबत्ती, बाहेर अंगणात गाव. एक बांबू फिरवला की चित्रं खिडकीतून सरकत जातात. तो बांबू फिरवायचं काम माझ्याकडे होतं. आज टॉकीजमधला माणूस बटण दाबतो आणि पगार घेतो. आम्ही हातानं सिनेमा फिरवला आहे.

चित्रं झरझर निघाली. एक बुटका माणूस, एक उंच दाढीवाला. दोघं मिळून एक मोठा रथ बनवतात. रथ एका दरवाज्यात अडकतो. दोघं एकमेकांकडे पाठ करून उभे राहतात. आम्ही काढत होतो आणि गालातल्या गालात हसत होतो. तेल्याच्या पोरानं शेवटी विचारलंच, "मास्तर, हा तं रहमानचाचा होय नं?"

"कोन म्हनते? दाढी काय जगात एकाच मानसाले असते?"

"अन् हा बुटका?"

"तो काल्पनिक आहे," मास्तर शुद्ध भाषेत म्हणाले.

पुढचं चित्र मात्र अडलं. पाठ करून उभे असलेले दोघं एकमेकांकडे वळणार कसे? मास्तरांनी वर्गाला विचारलं. कित्येक दिवस गणित, भूगोल सारं बाजूला आणि हीच चर्चा.

एक जण म्हणाला, "दाढीवाल्याले साप चावते. बुटका त्याचं विष तोंडानं ओढते."

"गावात साप नसला तं दोस्ती होनारच नाही काय? दुसरं."

"नदीले पूर येते. बुटका वाहून जाते. दाढीवाला उडी मारते."

"आपली नदी दसऱ्यानंतर चप्पल भिजवत नाही. दुसरं."

"बुटक्याची माय मरते मास्तर, अन् दाढीवाला खांदा द्याले येते."

"कोनाचीही माय मारू नका रे. दुसरं."

कोणी म्हणालं, दसऱ्याला आपट्याचं सोनं द्यावं. मास्तर म्हणाले, "सोनं तं आपुन ज्याचं तोंड पाहाले तयार नाही त्यालेही देतो. हातात देतो अन् पुढं जातो." मागच्या दसऱ्याला दोघांनी एकमेकांना तसंच सोनं दिलं होतं, मी पाहिलं होतं. पान हातात, नजर जमिनीवर.

माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "एकानं दुसऱ्याच्या दोन ठेवून द्याव्या. मंग दुसऱ्यानं द्याव्या. मंग होते मोकळं."

मास्तरांनी यावर बराच विचार केला. "हे आतापर्यंतच्या साऱ्याईपेक्षा खरं वाटते," ते म्हणाले. "पन बुटक्याचा हात दाढीवाल्याच्या गालापर्यंत पुरत नाही."

वर्ग हसला. मला हसू आलं नाही. माझा स्वभाव पहिल्यापासून असा की पोटात राहत नाही. मी उभा राहून म्हटलं, "मास्तर, तुमीच काऊन बोलत नाही चाचासंग? मंग चित्र आपोआप निघन."

मला वाटलं, आता मास्तर पहिल्यांदाच छडी शोधतात. पण ते खुर्चीवर बसले आणि माझ्याशी मोठ्या माणसाशी बोलावं तसं बोलले. "बोलीन नं राजा. पन पह्यलं वाक्य काय बोलू, ते सांग. 'कसे आहात' म्हनू? त्याले रोज पाह्यतो मी. कसा हाय ते मले मालूम हाय. 'चुकलं' म्हनू? मंग तो म्हनन, काय चुकलं? अन् जे चुकलं ते पुन्हा तोंडानं बोलाव लागन. म्हनून तं मी मुका सिनेमा काढून राह्यलो. त्यात वाक्यच लागत नाही."

आम्ही सारे त्या दिवशी घरी जाताना पहिलं वाक्य शोधत होतो. कोणालाच सापडलं नाही.

त्याच आठवड्यात बुलढाण्याहून बदलीचा हुकूम आला. मेहकराच्याही पलीकडे, सुलतानपूरला. आमच्या गावापासून ते म्हणजे जिल्ह्याचं दुसरं टोक. घाट चढून वर जायचं, आणि वर गेलं की गेलं. तिकडची भाषासुद्धा आमच्यासारखी नाही. दिवाळीची सुटी संपली की मास्तरांना तिथं हजर व्हायचं होतं. म्हणजे सुटी लागायच्या आत सिनेमा दाखवला नाही, तर सिनेमाही राहणार आणि ते दोघंही तसेच राहणार, हे आम्हा पोरांनासुद्धा कळत होतं.

एका संध्याकाळी आम्ही ग्यासबत्ती लावून तालीम केली, तर तेलकट कागदानं पेट घेतला. नशीब, कोरा तुकडाच जळाला. बत्ती कागदापासून लांब ठेवायची, तर तिला टिनाचा आडोसा पाहिजे होता. बत्तीला मागून आणि बाजूनं कवेत घेईल आणि उजेड पुढं फेकील असा. टिनाचं काम गावात एकच माणूस करायचा. मास्तर म्हणाले, "मलकापूरहून आनू." मी त्यांचं न ऐकता चाचाच्या दुकानी गेलो.

"चाचा, ग्यासबत्तीले आडोसा पाह्यजे."

"मास्तरनं धाडलं?"

"नाही."

"मंग कोनाले पाह्यजे?"

"सिनेमाले."

त्यानं हातोडा खाली ठेवला आणि सिनेमाची सारी गोष्ट माझ्याकडून काढून घेतली. दाढीवाल्या माणसापाशी आल्यावर म्हणाला, "चांगला काढला काय मले?" मी म्हटलं, नाक जरा मोठं झालं. "अन् शेवट काय हाय?" मी म्हटलं, शेवट मास्तरांना सुचून नाही राहिला. चाचा हसला नाही. पत्र्यावर बोट फिरवत बसला. मग म्हणाला, "माप आन. मापाबिगर मी आता टिन कापत नाही."

मी शाळेत. मास्तर म्हणाले, "त्याले म्हन, खिडकी एवढी, बत्ती एवढी, अन् वितीनं मोजू नको म्हना."

मी दुकानात. चाचा म्हणाला, "त्यायले म्हन, माही वीत बापाच्या वेळची हाय, बरोबर हाय. त्यायची पट्टीच कोटात वाकली असंन."

मी पुन्हा शाळेत. मास्तर म्हणाले, "वाकली म्हने? त्याले म्हन..."

तिथं मी पाय रोवले. म्हटलं, "मास्तर, मी काही डाकवाला नाही. काय म्हनाचं ते जाऊन म्हना. मी आता जात नाही." आणि गेलो नाही. मास्तरही गेले नाहीत.

पण रविवारी शाळा बंद असताना मी तिथून जात होतो, तर चाचा एकटाच खिडकीपाशी उभा. दोरीनं खिडकी मोजत होता. मला पाहून दोरी खिशात घातली आणि "हवा खाले आलो" म्हणाला. दोन दिवसांत आडोसा आला. काय काम होतं! मोठ्या शिंपल्यासारखं वळवलेलं, आतून आरशासारखं घासलेलं. मास्तरांनी तो हातात घेतला, उलटा केला, पत्र्याच्या झाळलेल्या जोडावरून अंगठा फिरवला. "काम पाहावं तर मियाँचं," म्हणाले. मग पट्टी लावली आणि म्हणाले, "जरा मोठा झाला." त्यातलं पहिलं वाक्य मी चाचाला सांगितलं. दुसरं माझ्यापाशी ठेवलं.

सिनेमाचा दिवस आला. शाळेचं अंगण भरलं. बायामाणसं, पोट्टे, म्हातारे, वडनेरकडच्या माझ्या मामाची गाडीसुद्धा आली होती. तंबूत पेटी-तबला होता, आमच्याकडे एक डफडेवाला बसवला. दिवेलागणीला बत्ती पेटली, खिडकी उजळली, आणि मी बांबू फिरवायला लागलो. आत मी, दुसऱ्या बांबूवर तेल्याचा पोरगा, आणि बत्तीपाशी मास्तर.

पहिलंच चित्र आलं आणि बाहेरून आवाज उठला, "अबे, हे तं मास्तर!" दुसरं आलं, "अन् थो रहमान!" सारं अंगण खदखदून हसलं. रथ आला तसं हसू कमी झालं. दरवाज्यात अडकला तेव्हा कोणी हसलं नाही. दोघं पाठ करून उभे राहिले, आणि त्यानंतर मी बांबू फिरवला तसा कोरा कागद खिडकीत आला. पांढरा, लख्ख. शेवटपर्यंत मास्तरांनी ते चित्र काढलंच नव्हतं. मला म्हणाले होते, वेळेवर काहीतरी सुचेल.

काही सुचलं नव्हतं. डफडं वाजत होतं. बाहेर लोक कोऱ्या कागदाकडे पाहत होते. मास्तर बत्तीसमोर तसेच उभे, आणि त्यांची बुटकी सावली त्या कागदावर पडलेली. बाहेरच्यांना वाटलं, हेच पुढचं चित्र. मास्तरांना भानच नव्हतं. ते मागं सरकले, आणखी मागं सरकले, आणि कोटाचं टोक आडोशाच्या कडेवरून आत बत्तीकडे गेलं.

मागच्या दारातून चाचा कधी आत आला ते मला समजलं नाही. तो ओरडला, "मास्तर, कोट!" आणि त्यानं कोट धरून मास्तरांना पुढं ओढलं.

गावात आजही वाद होतो, पहिलं कोण बोललं. बाहेर डफड्यात काही ऐकू आलं नाही, त्यांना फक्त दोन सावल्या दिसल्या. मी आत होतो. पहिलं वाक्य चाचाचं, आणि ते 'मास्तर, कोट' हेच. ज्याला मानायचं नसेल त्यानं मानू नये.

मास्तरांनी कोटाचं करपलेलं टोक पाहिलं. चाचाकडे पाहिलं. आणि काय बोलावं माणसानं! म्हणाले, "आडोसा मोठा केला तुमी. म्हनून लागलं."

"मोठा? दोरीनं मोजला मी!"

"दोरी ताणल्या जाते, मियाँ!"

"अन् मानूस मागं सरकते ते कोन मोजाचं?"

बाहेर डफडेवाल्याला चेव चढला होता. कागदावर एक बुटकी सावली आणि एक उंच सावली, दोघांचेही हात वारा घालावा तसे हलत होते. लोक टाळ्या वाजवत होते. आत मी बांबू सोडून उभा होतो. बोलता बोलता चाचा एकदम थांबला. मग मास्तर हळूच म्हणाले, "मियाँ, वेशीपाशी मी बोललो ते बोलाले नको होतं."

"कोनाचा होता मंग ताबूत?"

"आपला होता."

चाचानं मान हलवली. दाढीवरून हात फिरवला. मग म्हणाला, "तं मंग खांदे कोनाले मोजाचे होते?"

"ते तुमालेच," मास्तर म्हणाले. आणि दोघंही असे हसले, की बाहेर त्या सावल्या नुसत्या थरथरताना दिसल्या. लोकांना वाटलं रडून राहिले. बायांनी डोळ्यांना पदर लावला. माझी आई घरी येऊन म्हणाली, "काय सिनेमा होता बाप्पा!"

दिवाळी झाली आणि मास्तरांची गाडी निघाली. सामान थोडं, पेट्या, भांडी, एक तुळशीचं झाड. मास्तरीणबाई पोरांना घेऊन आधीच मोटारीनं पुढं गेल्या होत्या. सारं गाव पोचवायला आलं. चाचा म्हणाला, मी वेशीपर्यंत येतो, आणि गाडीत चढून बसला. चढल्या चढल्या पेट्यांना बांधलेल्या दोरीवरून दोघांचं सुरू झालं. चाचा म्हणत होता, गाठ चुकीची. मास्तर म्हणत होते, गाठ बरोबर, पेटी चुकीची. गाडी वेशीतून गेली, वळणावरून गेली, दिसेनाशी झाली. आम्ही उभेच. चाचा काही परत आला नाही. संध्याकाळ झाली तरी आला नाही. दुसऱ्या दिवशी दुकान बंद. चाची वेशीवर येऊन साऱ्यांना विचारू लागली, तेव्हा मोताळ्याहून आलेल्या एका गाडीवानानं सांगितलं, ते दोघं राजूरच्या घाटात दिसले. गाडी चढत होती, आणि दोघं गाडीच्या मागं पायी चालत, हात हलवत भांडत होते.

किती दिवसांनी चाचा आला ते मला आठवत नाही. पायात धूळ, मेंदी उतरलेली, पण तोंड खुललेलं. चाचीनं जे ऐकवायचं ते ऐकवलं. दुसऱ्या दिवशी टोकटोक सुरू झाली तसा मी दुकानात जाऊन बसलो.

"चाचा, वेशीपर्यंत म्हनत होते नं तुमी?"

"हाव."

"मंग?"

"वेशीपाशी मास्तर बोलून राह्यले होते. बोलत्या मानसाले मधात तोडाचं काय?"

"अन् घाटात?"

चाचानं हातोडा उचलला, पत्रा सरळ केला आणि म्हणाला, "घाटात मी बोलून राह्यलो होतो."